मुष्टियोद्धा एडी ईगन

आपल्या बोलण्यात ‘हौशी’ हा शब्द कधीकधी थोड्या उपहासाने येतो. एखादी विद्या ज्याला पुरती साधलेली नाही, वेळ घालविण्यापुरताच जो तिला हात लावतो, त्याला आपण हौशी म्हणतो. खेळाच्या क्षेत्रात मात्र या शब्दाला निराळी प्रतिष्ठा होती. धनाची अपेक्षा न धरता केवळ खेळाच्या प्रीतीने जो खेळतो, तो हौशी खेळाडू. आणि खेळावर जो आपला चरितार्थ चालवितो, तो धंदेवाईक खेळाडू. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ऑलिंपिक सामन्यांचे द्वार केवळ हौशी खेळाडूंनाच खुले असे. त्या काळी मुष्टियुद्धासारख्या कठोर आणि धोक्याच्या खेळात जन्मभर हौशी राहून ज्याने मोठी कीर्ती मिळविली, अशा एका पुरुषाचे हे चरित्र आहे. त्याचे नाव एडवर्ड पॅट्रिक फ्रान्सिस ईगन. जग त्याला एडी ईगन या सुटसुटीत नावाने ओळखते.

अमेरिकेच्या पश्चिम भागात रॉकी पर्वताच्या पायथ्याशी कोलोरॅडो नावाचे राज्य आहे. त्या राज्यातील डेन्व्हर शहरी २६ एप्रिल १८९७ रोजी एडीचा जन्म झाला. घरची स्थिती बेताची होती आणि ती लवकरच अधिक बिकट झाली. एडी जेमतेम वर्षाचा असताना रेल्वेच्या अपघातात त्याचे वडील मरण पावले. पाच मुलगे आणि संसाराचा सारा भार एकट्या आईवर येऊन पडला. ती फ्रेंच आणि जर्मन या भाषा शिकवी आणि त्या तुटपुंज्या उत्पन्नात मुलांचे पोट भरी. घरात पैसा नव्हता. परंतु विद्येचा मान होता. आईच्या कष्टांचा आधार विद्या हाच आहे, हे त्या मुलांना रोज दिसत होते. या संस्काराची खूण एडीच्या पुढील आयुष्यात पावलोपावली आढळते.

त्याच कोलोरॅडो राज्यात एडीपेक्षा दोन वर्षांनी मोठा असलेला आणखी एक गरीब मुलगा वाढत होता. त्याचे नाव जॅक डेम्प्सी. खाणकामगारांच्या वस्त्यांतून हिंडत, मिळेल त्या मोबदल्यावर मुष्टियुद्ध खेळत तो पुढे आला. १९१९ साली तो धंदेवाईक मुष्टियुद्धातील अवजड गटाचा जगज्जेता झाला. १९२१ साली झालेल्या त्याच्या एका लढतीच्या तिकिटांचे उत्पन्न १० लाख डॉलरांहून अधिक होते. मनगटात बळ असलेल्या गरीब मुलाला त्या काळी कोणती वाट सर्वांत जवळची वाटत असेल, हे यावरून ध्यानात येईल. डेम्प्सीने त्या वाटेने जाण्यात काही गैर केले असे नव्हे. भुकेल्या माणसाने आपल्या बळावर भाकरी मिळवावी, यात कमीपणा कसला? परंतु एडीच्या मनाने निराळा ध्यास घेतला होता.

हा ध्यास त्याला काही अंशी पुस्तकांतून लागला. अमेरिकेत त्या काळी मुलांसाठी स्वस्त किमतीची कथापुस्तके निघत. त्यांतील फ्रँक मेरिवेल नावाचा नायक मुलांचा फार आवडता होता. हा मेरिवेल येल विद्यापीठाचा विद्यार्थी. अभ्यासात हुशार, सर्व खेळांत निपुण, निर्व्यसनी आणि दुबळ्यांचा कैवारी. अशा कथा हजारो मुले वाचतात आणि विसरून जातात. एडीने मात्र त्या काल्पनिक नायकाला आपला गुरू केले. आपणही येलमध्ये शिकावयाचे आणि अंगी बळ असून सभ्य राहावयाचे, असा त्याने निश्चय केला. मद्य आणि तंबाखू यांपासून तो दूर राहिला. गोष्टीतल्या नायकाचे अनुकरण करण्यात आपले कल्याणच झाले, हे त्याने प्रौढ वयातही मोकळेपणाने मान्य केले होते.

मुष्टियुद्धाचे धडे त्याला कोलोरॅडोतच मिळाले. पुढे डेन्व्हरच्या विद्यापीठात शिकत असताना त्याने अमेरिकेच्या पश्चिम विभागाचे मध्यम गटाचे हौशी विजेतेपद मिळविले. तेवढ्यात पहिल्या महायुद्धात अमेरिकेचा प्रवेश झाला. एडी सैन्यात भरती झाला आणि तोफखान्यात लेफ्टनंट बनला. युद्ध संपल्यावर त्याने येल विद्यापीठात आपले शिक्षण पुढे चालविले. लहानपणी पुस्तकात पाहिलेले येल आता त्याच्या डोळ्यांसमोर उभे होते. तेथील मुष्टियुद्ध संघाचे नेतृत्वही त्याच्याकडे आले.

या खेळात खेळाडूंचे गट वजनावरून पाडलेले असतात, कारण हलक्या माणसाची गाठ भारी माणसाशी घालणे न्यायाचे होत नाही. त्या वेळी मध्यम गटाची मर्यादा सुमारे साडेबहात्तर किलोची होती. त्याच्या वरचा गट सुमारे साडेएकोणऐंशी किलोपर्यंतचा असे आणि त्याहून भारी असलेले सर्व मल्ल अवजड गटात मोडत. अवजड गटाला वरची मर्यादा नव्हती. शंभर किलोचा पहाडासारखा प्रतिस्पर्धी समोर आला तरी तक्रार करण्यास जागा नसे. १९१९ साली ईगनने पॅरिस येथे दोस्त राष्ट्रांच्या सैनिकांसाठी भरलेल्या क्रीडासामन्यांत मध्यम गटाचे अजिंक्यपद मिळविले. आणि त्याच वर्षी अमेरिकेच्या राष्ट्रीय हौशी सामन्यांत चक्क अवजड गटाचेही अजिंक्यपद जिंकले! आपल्याहून वजनाने अधिक असलेल्या मल्लांशी झुंजून मिळविलेला हा मान होता. ज्या वर्षी डेम्प्सी धंदेवाईकांचा जगज्जेता झाला, त्याच वर्षी कोलोरॅडोचा हा दुसरा मुलगा हौशी खेळाडूंचा राष्ट्रीय विजेता झाला.

पुढील वर्षी, म्हणजे १९२० साली, बेल्जममधील अँटवर्प शहरी ऑलिंपिक सामने भरले. महायुद्धामुळे १९१६ सालचे सामने होऊ शकले नव्हते. बेल्जमची भूमी तर युद्धात होरपळून निघालेली. अशा वेळी राष्ट्राराष्ट्रांतील तरुण शस्त्रे टाकून खेळाच्या मैदानावर एकत्र आले. पाच वर्तुळांचा ध्वज ऑलिंपिक सामन्यांत प्रथमच फडकला आणि खेळाडूंच्या वतीने सचोटीने खेळण्याची शपथ प्रथमच घेण्यात आली. आपल्या दृष्टीनेही हे सामने संस्मरणीय आहेत. सर दोराबजी टाटा यांच्या पुढाकाराने भारताचे एक छोटे पथक तेथे गेले होते. फडेप्पा चौगुले व सदाशिव दातार हे धावपटू आणि रणधीर शिंदे व कुमार नवले हे कुस्तीगीर त्या पथकात होते.

अँटवर्पला ईगन उपअवजड गटात उतरला. दक्षिण आफ्रिकेचा होल्डस्टॉक, ब्रिटनचा फ्रँक्स आणि अंतिम सामन्यात नॉर्वेचा सोर्सडाल यांना त्याने एकामागून एक हरविले आणि सुवर्णपदक पटकाविले. वयाच्या तेविसाव्या वर्षी तो ऑलिंपिक विजेता झाला. धंदेवाईक रिंगणाची वाट आता त्याला सहज मोकळी होती. ऑलिंपिक विजेत्याच्या नावाला पैसा मोजणारे लोक अमेरिकेत पुष्कळ होते. घरची गरिबीही त्याच्या विस्मरणात गेलेली नव्हती. तरीही पदक घेऊन तो परतला तो आपल्या अभ्यासाच्या पुस्तकांकडे. १९२१ साली येलची पदवी संपादन करून त्याने हार्वर्डमध्ये कायद्याचा अभ्यास आरंभिला. पुढे ऱ्होड्स शिष्यवृत्ती मिळवून तो इंग्लंडमधील ऑक्सफर्ड विद्यापीठात गेला. ही शिष्यवृत्ती नुसत्या खेळाडूला मिळत नाही आणि नुसत्या पुस्तकी विद्वानालाही मिळत नाही. विद्या, शील आणि अंगमेहनत यांचा मेळ जेथे दिसेल, तेथे ती देण्याचा उद्देश होता.

इंग्लंड ही आधुनिक मुष्टियुद्धाची जन्मभूमी होय. हातमोजे घालून, ठरावीक फेऱ्यांत, पंचांच्या देखरेखीखाली खेळण्याची पद्धत तेथेच रुजली. त्या देशाच्या हौशी सामन्यांत १९२३ साली ईगनने अवजड गटाचे अजिंक्यपद मिळविले. हा मान मिळविणारा तो पहिला अमेरिकन होता. त्यामुळे १९२४ सालच्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तो अवजड गटात उतरला, तेव्हा दुसऱ्या सुवर्णपदकाची अपेक्षा त्याच्याकडून केली जाणे साहजिक होते. परंतु घडले ते अगदी उलट. पहिल्याच सामन्यात ब्रिटनच्या आर्थर क्लिफ्टनने त्याला हरविले आणि चार वर्षांपूर्वीचा सुवर्णविजेता एकही विजय न मिळविता स्पर्धेबाहेर पडला.

पराभव कोणालाही प्रिय नसतो. मात्र तो कोणाचे काय हिरावून नेतो, हे त्या माणसाने खेळावर काय टांगून ठेवले आहे यावर अवलंबून असते. ज्याची भाकरी, कीर्ती आणि उद्याचा दिवस सारे एकाच लढतीवर टांगलेले असतात, त्याला एक पराभवही उद्ध्वस्त करू शकतो. ईगनच्या हाती कायद्याची विद्या होती. आईने विद्येवर ठेवलेला विश्वास या वेळी त्याच्या उपयोगी पडला. हरल्यावरही खेळावरचे त्याचे प्रेम उणावले नाही. ऑक्सफर्डमध्ये त्याची मैत्री मार्क्विस ऑफ क्लाइड्सडेल या स्कॉटिश सरदारपुत्राशी झाली होती. हा तरुणही उत्तम मुष्टियोद्धा होता. १९३३ साली एव्हरेस्ट शिखरावरून प्रथमच विमाने उडविण्यात आली, त्या मोहिमेचा हाच मुख्य वैमानिक; ती विमाने आपल्या बिहारमधील पूर्णिया येथून निघाली होती. या मित्रासमवेत ईगनने जगाची सफर केली आणि ठिकठिकाणच्या हौशी मल्लांशी सामने खेळला. पुढे आपल्या आठवणींचे पुस्तक लिहिताना त्याने पुस्तकाच्या नावातच आपण हौसेसाठी झुंजलो असे सांगून टाकले.

१९२७ साली ईगनचा विवाह साबणाच्या व्यवसायात नावाजलेल्या कोलगेट घराण्यातील मार्गारेट हिच्याशी झाला. वकिलीही सुरू झाली. आता सुखाने घरी बसावे, असे कोणालाही वाटले असते. परंतु त्याच्या कीर्तीला ज्या पराक्रमाने आगळेपणा आला, तो अजून घडावयाचा होता.

१९३२ साली न्यू यॉर्क राज्यातील लेक प्लॅसिड या गावी हिवाळी ऑलिंपिक सामने भरले. त्यांत बॉबस्ले नावाचा एक खेळ असतो. पोलादी धावांवर चालणारी एक जड घसरगाडी घेऊन बर्फाच्या वळणावळणाच्या उतारावरून वाऱ्याच्या वेगाने खाली यावयाचे, असा हा खेळ आहे. पुढचा मनुष्य गाडीला दिशा देतो; मागच्या सोबत्यांनी वेळ साधून गाडी ढकलावयाची आणि वळणावर अंग नेमके झुकवून तिचा तोल राखावयाचा. एका क्षणाची चूक झाली, तर गाडी बांध ओलांडून बाहेर फेकली जाते. त्या वर्षी सरावातच जर्मन संघाच्या गाड्यांना भीषण अपघात होऊन खेळाडू गंभीर जखमी झाले होते. अशा वेळी अमेरिकेच्या एका गाडीवर चौथ्या माणसाची जागा रिकामी होती. ती घेण्यासाठी ईगनला विचारणा झाली. या खेळाची त्याला मुळीच सवय नव्हती. तरी तो गेला आणि थोड्याच दिवसांच्या सरावावर ऑलिंपिकच्या उतारावर बसला.

गाडीचा चालक बिली फिस्क हा अवघ्या वीस वर्षांचा होता. ईगन पस्तिशीला आलेला, तर त्यांचा सोबती जे ओब्रायन हा अठ्ठेचाळीस वर्षांचा होता. चौथा सोबती क्लिफर्ड ग्रे. वादळी हवेमुळे शर्यत लांबणीवर पडली आणि अखेर १४ व १५ फेब्रुवारी या दिवशी ती पार पडली. सुमारे दीड मैलाचा उतार प्रत्येक संघाला चार वेळा उतरावयाचा होता. चारही खेपांचा वेळ मिळवून फिस्कच्या गाडीने ७ मिनिटे ५३.६८ सेकंद घेतले. दुसरा क्रमांक मिळविणारी गाडीही अमेरिकेचीच होती. ती केवळ दोन सेकंदांनी मागे राहिली. ईगनच्या नावावर दुसरे सुवर्णपदक लागले. उन्हाळी आणि हिवाळी अशा दोन्ही ऑलिंपिक सामन्यांत दोन निरनिराळ्या खेळांची सुवर्णपदके मिळविणारा तो पहिला खेळाडू ठरला. विसाव्या शतकात तरी त्याच्या जोडीला दुसरा कोणी बसू शकला नाही. त्याला बर्फावरून सुखरूप खाली आणणारा तरुण फिस्क मात्र दीर्घायुषी झाला नाही. दुसऱ्या महायुद्धात तो ब्रिटनच्या हवाई दलात स्वेच्छेने दाखल झाला आणि १९४० साली जखमी होऊन मरण पावला.

या महायुद्धात ईगननेही अमेरिकेच्या हवाई दलाच्या वाहतूक विभागात सेवा केली. त्यापूर्वी काही वर्षे तो सरकारी वकिलाचा साहाय्यक होता. १९४५ साली न्यू यॉर्क राज्याच्या क्रीडानियामक मंडळाचे अध्यक्षपद त्याच्याकडे आले. धंदेवाईक मुष्टियुद्धाचे परवाने देणे, सामन्यांवर देखरेख ठेवणे आणि गैरप्रकार करणाऱ्यांना शासन करणे हे या मंडळाचे काम. पैशासाठी कधीही न झुंजलेल्या माणसावर पैशासाठी झुंजणाऱ्यांचा न्याय करण्याची वेळ आली.

हे काम सोपे नव्हते. मुष्टियुद्धावर तेव्हा मोठमोठ्या पैजा लागत. पैजा लावणारी गुंड मंडळी खेळाडूंना लाच देऊन मुद्दाम हरावयास सांगत. रॉकी ग्रॅझियानो हा त्या दिवसांतील न्यू यॉर्कचा अत्यंत लोकप्रिय मुष्टियोद्धा होता. शहराच्या गरीब वस्तीत तो वाढला होता. एक सामना हरण्यासाठी त्याला १ लाख डॉलरांचे आमिष दाखविण्यात आल्याचे उघडकीस आले. ग्रॅझियानोने लाच घेतली नव्हती. पाठीच्या दुखण्याचे कारण सांगून तो त्या सामन्यातून बाहेर पडला होता. परंतु लाचेची गोष्ट मंडळाला तत्काळ कळविण्याचा नियम त्याने पाळला नव्हता. ईगनच्या मंडळापुढे प्रश्न उभा राहिला. ज्याने पाप केले नाही, पण पाप करविणाऱ्यांची नावे दडविली, त्याला काय म्हणावे?

१९४७ साली मंडळाने ग्रॅझियानोचा परवाना रद्द केला. पुष्कळांना हा निर्णय कठोर वाटला, आणि त्यांच्या म्हणण्यातही तथ्य होते. गुंडांच्या वस्तीत वाढलेल्या माणसाला त्यांच्याविरुद्ध तोंड उघडणे किती धोक्याचे असते, हे सुरक्षित घरात बसणाऱ्याला कळणे कठीण. उलट पक्षी, खेळाडूच गप्प राहू लागले, तर खेळातील लबाडी कधीच थांबणार नाही, हेही तितकेच खरे. ग्रॅझियानो त्याच वर्षी शिकागोला जाऊन मध्यम गटाचा जगज्जेता झाला आणि १९४९ साली न्यू यॉर्कनेही त्याला पुन्हा परवाना दिला. ईगनची भूमिका एवढीच होती की, तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकाला खरी झुंज दिसली पाहिजे. त्याच्याच कारकिर्दीत, १९४८ साली, खेळाडूंच्या प्रकृतीची काळजी वाहण्यासाठी मंडळाला डॉक्टरांच्या सल्लागार समितीची जोड मिळाली. डोक्यावर बसणारे ठोसे कसे असतात, हे अनुभवाने जाणणारा अध्यक्ष त्या वेळी खुर्चीवर होता, ही समाधानाची गोष्ट होय.

१९५१ साली तो या पदावरून निवृत्त झाला. १९५६ साली राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी निरनिराळ्या देशांतील सामान्य लोकांत स्नेह वाढविण्याचा एक उपक्रम सुरू केला. त्यातील क्रीडासमितीचा ईगन हा अध्यक्ष होता. १४ जून १९६७ रोजी, वयाच्या सत्तराव्या वर्षी, त्याचे निधन झाले. १९८३ साली अमेरिकेच्या ऑलिंपिक कीर्तिमंदिरात ज्या खेळाडूंना प्रथम स्थान मिळाले, त्यांत त्याचे नाव होते. १९९० साली अमेरिकेच्या टपाल खात्याने त्याचे चित्र असलेले तिकीट काढले.

ईगनच्या मृत्यूनंतर खेळाचे जग पुष्कळ बदलले. हौशी आणि धंदेवाईक यांच्यामधील भिंत हळूहळू कोसळली आणि धंदेवाईक खेळाडूही ऑलिंपिकमध्ये उतरू लागले. हे एका अर्थी योग्यच झाले. मोबदला न घेता खेळत राहणे हे सर्वांनाच परवडते असे नाही. शिष्यवृत्त्यांचे आणि पुढे संपन्न घराचे जे साहाय्य ईगनला लाभले, ते प्रत्येक गरीब मुलाला लाभत नाही. म्हणून पैसा घेणारा खेळाडू हलका आणि न घेणारा थोर, असा निवाडा या चरित्रावरून कोणी करू नये. परंतु एक गोष्ट भिंत पडल्यावरही उरते. डेन्व्हरच्या त्या पोरक्या मुलाने बलवान मुठी मिळविल्या, पण आपले सारे आयुष्य त्या मुठींच्या हवाली केले नाही. जिंकल्यावर तो अभ्यासाला बसला, हरल्यावर पुन्हा खेळला, आणि अधिकार हाती आला तेव्हा आपल्या आवडत्या खेळाची अब्रू राखण्यासाठी त्याने लोकांचा रोष पत्करला. खेळावर खरी प्रीती करणारा मनुष्य खेळाकडून काय घेतो याबरोबरच त्याला काय देतो, हेही पाहावे लागते. त्या अर्थाने एडी ईगन हा अखेरपर्यंत हौशीच राहिला.